बागेच्या दारातले रेल्वे स्टेशन

मुलांना बागेत नेले की घरातल्या मोठ्या माणसांच्या वाट्याला काय येते? मुले झोपाळ्यावर, अम्मी पिशव्या सांभाळत आणि अब्बा बाकावर घड्याळ बघत! वॉल्ट डिस्ने यांचाही हाच अनुभव होता. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांवर गोल फिरत आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसत असू, असे ते सांगत. लहानमोठ्यांनी एकत्र रमावे अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. त्याचे उत्तर म्हणजे कॅलिफोर्नियातील अॅनाहाइमचे डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले. पैसा उभा करताना डिस्ने यांनी स्वतःच्या विम्यावरही कर्ज काढले होते.

या बागेच्या दर्शनी भागाकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. तिथे भव्य कमान नाही. आहे ते जुन्या घाटणीचे रेल्वे स्टेशन. मातीच्या उंच बांधावर उभी असलेली घड्याळाची इमारत, वर रूळ आणि खाली दोन्ही बाजूंना एकेक बोगदा. त्या बोगद्यातूनच आत जायचे. बांधामुळे बाहेरचे रस्ते आतून दिसत नाहीत. बोगदा ओलांडला की समोर १९०० च्या सुमाराचा छोट्या गावातला बाजाररस्ता आणि टोकाला किल्ला. रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधले आहेत. त्यामुळे त्या आहेत त्यापेक्षा उंच वाटतात.

मग दारात स्टेशनच का? डिस्ने यांचे बालपण काही वर्षे मिसुरीतल्या मार्सेलीन या रेल्वेच्या गावात गेले. त्यांचे एक नातलग इंजिन ड्रायव्हर होते. पंधराव्या वर्षी त्यांनी स्वतः गाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकला. पुढे १९५० मध्ये त्यांनी घराच्या आवारात छोटी वाफेची गाडी सुरू केली. १९५३ मध्ये तिला अपघात होऊन एक लहान मुलगी वाफेने भाजली. त्यांनी ती गाडी लगेच बंद केली. पण त्याच इंजिनाच्या आराखड्यावरून, आकार वाढवून, डिस्नेलँडची पहिली दोन इंजिने तयार झाली.

स्टेशन कशासाठी असते हे कुणाला सांगावे लागत नाही. फलाटावर पाय ठेवला की सफर सुरू झाली, हे लहान मुलालाही कळते. आणि गाडीच्या डब्यात वयाची अट नसते. नातू आणि आजोबा एकाच बाकावर बसतात. ग्रिफिथ पार्कमधला तो एकटा बाक डिस्ने यांनी जणू चाकांवर बसवला आणि शेजारी मुलांनाही जागा दिली.

आपल्या मुलांबरोबर बागेत जाताना एवढे तरी आपण करूया. बाकावरून उठूया आणि त्यांच्या डब्यात बसूया.