रहदारी मोजताना कोण सुटते?

एखाद्या रस्त्यावरून तासाभरात किती रहदारी जाते, हे कसे सांगायचे? वाहने मोजून, असे उत्तर वर्गात चटकन येईल. पण आपल्याकडे बस, रिक्षा, सायकल आणि हातगाडी एकाच रस्त्यावरून जातात. एक बस अधिक एक सायकल म्हणजे दोन वाहने, हे उत्तर अंकगणितात बरोबर असले तरी रस्त्याला ते मान्य होणार नाही.

म्हणून अभियंते सर्व वाहने मोटारींच्या मापात मोजतात. एक मोटार म्हणजे १ एकक. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी दिलेल्या कोष्टकात सायकल ०.४ ते ०.५, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७ आणि हातगाडी २ ते ३ एकके धरली आहे. हातगाडी मोटारीपेक्षा मोठी नसते, मग तिचा आकडा मोठा का? कारण ती सावकाश जाते आणि मागच्यांना अडवते. पायी चालणाऱ्याला मात्र या कोष्टकात जागाच नाही.

आता समजा, ४० जण एका बसमधून गेले, हिशेबात २.२ एकके पडली. तेच ४० जण दोघे-दोघे करून २० मोटारींतून गेले, तर २० एकके! माणसे तेवढीच, पण कागदावर रहदारी नऊपट.

यंत्रांचीही दृष्टी अशीच एकांगी असते. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवरून चाक गेले की आतली हवा दाबली जाते व आकडा पुढे सरकतो. दोन स्कूटर एकदम गेल्या तर नळीला एकच धक्का कळतो. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह खेळता ठेवलेला असतो. वर धातूचे वाहन आले की त्याच्या तळाशी प्रवाहाचे भोवरे उठतात आणि वेटोळ्याची प्रवर्तकता घटते. सायकलीचा परिणाम फार क्षीण असतो, माणसाचा तर नगण्यच. अलीकडे कॅमेऱ्याच्या चित्रांवरून संगणक मोजणी करतो, पण ती पडताळायला माणूस लागतोच.

रस्ता ओलांडण्याची सोय हवी का, हे ठरवताना मात्र पादचारी मोजतात. गर्दीच्या तासातली पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग, असे सूत्र आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर गेला की सोय आवश्यक ठरते. तासाला १,००० वाहने आणि १५० पादचारी असतील, तर उत्तर १५ कोटी. पुढे वाहने २,००० झाली, म्हातारीकोतारी माणसे धास्तावली, मुलांना आईवडिलांनी रिक्षात घातले आणि ओलांडणारे २० उरले. आता उत्तर ८ कोटी! धोका वाढला, गरज मात्र सूत्रानुसार संपली. जे घाबरून आलेच नाहीत, त्यांना रस्त्यावर उभे राहून मोजता येत नाही.

त्यांच्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागते, आणि वर्गात तर हे सहज जमते. किती जण चालत येतात, किती सायकलवर? सायकल असून घरचे पाठवत नाहीत, असे किती? हे आकडे फळ्यावर लिहा. मग शाळेच्या गच्चीवरून पंधरा मिनिटे रस्ता मोजा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. शाळा सुटतानाच्या पंधरा मिनिटांना चाराने गुणून तासाचा आकडा काढू नका, तो फुगलेला येईल.