कर्ज थकलं म्हणून तुरुंग? एकेकाळी खरंच व्हायचा, आज काय नियम आहे?

हप्ता थकला की वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. ‘पैसे भरा, नाहीतर जेलात जाल.’ नांदेड-लातूरकडं ही धमकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. तिच्यामागं खरा इतिहास आहे.

लंडनमध्ये मार्शलसी नावाचा तुरुंगच मुख्यतः कर्जदारांसाठी होता. १८२४ मध्ये लेखक चार्ल्स डिकन्सचे वडील तिथं होते, तेव्हा १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. १८४२ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज त्याची एक भिंत उरलीय.

इंग्रजांनी तोच कायदा इकडं आणला. सावकार कोर्टात जायचा, शेतकरी बहुतेकदा हजरच नसायचा आणि हुकूमनामा एकतर्फी निघायचा. मग जप्ती नाहीतर दिवाणी कैद. गंमत म्हणजे कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकारानंच भरायचा. भत्ता थांबला की कैदी सुटायचा, पण कर्ज तसंच राहायचं. म्हणजे कैदेतून वसुली होत नसे, धाक मात्र बसायचा. त्या धाकानं माणूस नव्या रोख्यावर अंगठा द्यायचा.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कागद जाळले. चौकशी आयोग बसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं, पण सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांत. लातूर-नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. सोलापूरच्या शेतकऱ्याला मिळालेलं हे संरक्षण हद्द ओलांडून तिकडं गेलं नाही.

मग आज काय? दिवाणी कैद पूर्ण गेलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ती आहे, जास्तीत जास्त तीन महिने. पण २,००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी नाही आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी महिलांना अजिबात नाही. भत्ता आजही पैसे मागणाऱ्यानंच भरायचा. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निव्वळ गरिबीमुळं पैसे देता आले नाहीत म्हणून कैद करता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ किंवा बदमाशी दिसली पाहिजे.

तेही आधी दावा, मग हुकूमनामा, मग नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी, एवढं झाल्यावर. आदेश देणार न्यायाधीश, वसुली एजंट नाही. चेक बाऊन्स आणि फसवणूक मात्र वेगळे, फौजदारी विषय आहेत. कोर्टाची नोटीस आली तर ती घ्या आणि तारखेला हजर राहा. सुप्याच्या काळातले एकतर्फी हुकूमनामे गैरहजेरीमुळंच निघत होते.