दर्यातील कबर आणि जिवंत साक्षीदार

सातपुड्यात उगम पावणारी तापी खानदेशची काळी जमीन भिजवीत सुरतेस येते आणि हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. पोटापाण्याच्या निमित्ताने खानदेशातून सुरतेस येऊन उधना व लिंबायत भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे ह्या नदीस चांगली ओळखतात. तिच्या मुखापलीकडील दर्याशी मात्र त्यांचा परिचय बेताचाच असतो. त्या दर्याची ओळख व्हावी असा एक योग अलीकडे आला. ३१ मार्च २०२१ रोजी हजीऱ्याहून दीवकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीचा आरंभ झाला. रात्र बोटीवर काढावी आणि सकाळी दीवचा किनारा पाहावा, अशी ही जलसफर होती. सहलीस निघालेल्या माणसाच्या मनात मौज असते, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु दीवपुढील समुद्र हा केवळ मौजेचा समुद्र नव्हे. तेथे आपल्या देशाच्या १९४ नौसैनिकांची कबर आहे, आणि त्या कबरीवर शिळा नाही.

१९७१ सालच्या डिसेंबरात भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे शत्रूची पाणबुडी वावरत आहे, असा सुगावा नौदलास लागला. तिचा शोध घेण्यासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ह्या दोन युद्धनौका मुंबईहून निघाल्या. ‘खुकरी’चे अधिपती होते कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. ९ डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, ‘हंगोर’ नावाच्या पाकिस्तानी पाणबुडीने सोडलेल्या पाणतीराने ‘खुकरी’चा वेध घेतला. अवघ्या काही मिनिटांत नौका तळाशी गेली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. स्वातंत्र्यानंतर आजवर लढाईत बुडालेली भारताची ही एकच युद्धनौका होय.

त्या रात्री ६७ जण मात्र वाचले. काळोखात, तेलाने माखलेल्या पाण्यात त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ ह्या युद्धनौकेने त्यांस वर घेतले. कॅप्टन मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नाविकाच्या हाती दिले, आपल्या माणसांस पाण्यात उतरण्यास लावले आणि आपण नौका सोडली नाही, ही हकिगत आज देशभर सांगितली जाते. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. ही हकिगत आपणांस कळली कशी, ह्याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. ती कोणत्याही सरकारी दप्तरात आपोआप उमटली नाही. पाण्यात तरंगणाऱ्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली आणि किनाऱ्यावर येऊन सांगितली. ते ६७ जण परतले नसते तर मुल्लांचा त्यागही त्यांच्याबरोबर अथांग पाण्यात गडप झाला असता. नौकेच्या खालच्या मजल्यांवर, यंत्रांपाशी व मुदपाकखान्यात, कोण कोणासाठी थांबला, कोणी कोणास शिडीवर ढकलले, हे सांगावयास कोणी उरले नाही. तेथील शौर्य कमी होते असे नव्हे. तेथे साक्षीदार उरला नाही, एवढेच.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी ही गोष्ट ओळखली. मुंबईत वाढलेले आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेले हे सेनाधिकारी स्वतः त्याच युद्धात गुरखा पलटणीबरोबर सिल्हेटच्या आघाडीवर लढले. सुरुंगावर पाय पडून तो निकामी झाला, तेव्हा त्यांनी आपल्याच खुकरीने तो कापून टाकला. आणि पुढे लाकडी पायाने पायदळाच्या पलटणीचे आधिपत्य मिळविणारे ते भारतीय सेनेतील पहिले अधिकारी ठरले. निवृत्तीनंतर त्यांनी ‘खुकरी’तून वाचलेल्यांच्या आठवणी एकत्र करून २००६ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. भूदलातील एका जखमी सैनिकाने नौदलातील जखमी सैनिकांची कहाणी लिहून ठेवावी, ह्यात सन्मानाचे मर्म आले.

आणि सन्मान म्हणजे केवळ गोड तेवढे ऐकणे नव्हे. त्या रात्री ‘खुकरी’वर पाणबुडी हुडकणाऱ्या सोनार यंत्राचा पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग चालू होता, आणि त्यासाठी नौकेचा वेग कमी ठेवण्यात आला होता. शत्रूच्या पाणबुडीच्या सान्निध्यात असे करणे योग्य होते काय, ह्याविषयी पुढे जाणकारांत मतभेद झाले. वाचलेल्या माणसांच्या मनातही दुःखाबरोबर अनेक प्रश्न राहिले. जो आपल्या सैनिकाचा खरोखर आदर करतो, तो त्याच्या पदकाकडे पाहतो तसाच त्याच्या प्रश्नांसही कान देतो.

परदेशांत ह्या कामी बोटीचा उपयोग कसा होतो, ह्याचे एक उदाहरण ताजे आहे. १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीस ८० वर्षे झाली तेव्हा, जून २०२४ मध्ये, त्या स्वारीत लढलेले, शंभरीच्या आसपास पोहोचलेले ब्रिटिश सैनिक पोर्ट्समथ बंदरातून प्रवासी बोटीने पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्याकडे गेले. वाटेत त्यांच्यातील वृद्धांच्या हातून समुद्रात पुष्पचक्र सोडण्यात आले. ज्या पाण्यावरून तरुणपणी भीत भीत गेले, त्याच पाण्यावरून म्हातारपणी त्यांस मानाने नेण्यात आले. समुद्रात मेलेल्या माणसाला कबर नसते; त्याच्यासाठी फूल वाहावयाचे ते पाण्यावरच वाहावे लागते.

आपल्या जवळ दीव आहे. तेथे चक्रतीर्थापाशी, समुद्राकडे तोंड करून, ‘खुकरी’चे स्मारक १९९९ सालापासून उभे आहे, काचेच्या पेटीत त्या नौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. त्याच नावाची दुसरी नौका माझगाव गोदीत बांधली गेली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा कॅप्टन मुल्ला यांच्या पत्नी समारंभास उपस्थित होत्या. बत्तीस वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०२१ रोजी ती निवृत्त झाली आणि संग्रहालय करण्यासाठी २६ जानेवारी २०२२ रोजी दीवच्या स्वाधीन करण्यात आली. पहिली ‘खुकरी’ ज्या किनाऱ्यापुढे बुडाली, त्याच किनाऱ्याला दुसरी विसावली.

सुरतकरांचे नाते आता आणखी जवळचे झाले आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘सुरत’ नावाची विनाशिका नौदलात दाखल झाली. तिच्या मानचिन्हावर गीरच्या सिंहाबरोबर हजीऱ्याजवळचा जुना दीपस्तंभ कोरलेला आहे. आपल्या शहराचे नाव घेऊन दोनतीनशे माणसे आज दर्यावर आहेत. ती आपल्यासारख्याच घरांतली मुले होत.

म्हणून दीवला जाणाऱ्या कुटुंबांस एवढेच सुचवावेसे वाटते. किल्ला पाहा, वाळूत खेळा, मुलांस हवे ते घेऊन द्या. परंतु एक तास स्मारकासाठी राखून ठेवा, आणि तेथे जाण्यापूर्वी मुलांस ९ डिसेंबरची गोष्ट सांगा. गोष्ट ठाऊक नसेल तर काचेतली नौका हे मुलांस खेळणेच वाटणार. नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा ज्यांस कबर लाभली नाही अशांचेही स्मरण करावे.

आणि ज्यांस दीवला जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. १९७१ साली जो विशीत होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. आपल्या गावात, नात्यात किंवा गल्लीत कोणी निवृत्त सैनिक असतील. त्यांचे फोटो व पदके भिंतीवर दिसतात. त्यांची कहाणी कोणी विचारलेली नसते. घरच्यांस वाटते, आजोबांना ते दिवस आठवून त्रास होईल. आजोबांस वाटते, ह्या मुलांना कशात रस असणार! अशा रीतीने दोन्ही बाजू गप्प राहतात आणि वर्षे निघून जातात. तेव्हा येत्या रविवारी त्यांच्याकडे जावे, शेजारी बसावे, आणि विचारावे, “आजोबा, तुम्ही तेव्हा कोठे होता?” ते बोलू लागले तर मध्ये बोलू नये, आणि नाही बोलले तर आग्रह न धरता पुन्हा जावे. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवावे, आणि ज्या सोबत्यांची नावे ते घेतील तीही लिहावीत. न परतलेल्या कित्येकांची आठवण आज केवळ ह्या वृद्धांच्याच मुखी उरली आहे.