ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द

परकी भाषा शिकणारास अनोळखी शब्दांची भीति वाटते. आमच्या मतें मात्र अधिक सावध राहावयाचें तें ओळखीच्या शब्दांपासून. अनोळखी शब्द भेटला कीं मनुष्य कोश उघडतो. ओळखीचा भेटला कीं तो निःशंकपणें पुढें जातो, आणि तेथेंच फसतो. इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच विद्यार्थ्यांची अडचण नेमकी हीच आहे.

तिचें मूळ इतिहासांत आहे. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. पुढें सुमारें तीन शतकें तेथील दरबारांत व न्यायालयांत फ्रेंच भाषेचा मान होता. न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत व्हावे असा कायदा १३६२ सालीं झाला. त्या दीर्घ सहवासांत हजारों फ्रेंच शब्द इंग्रजीच्या घरीं नांदावयास आले. चेहरा माहेरचाच राहिला. वळण मात्र पुष्कळांचें सासरचें झालें. कधीं पालटलें तें माहेरच! सोळाव्या शतकांतील फ्रेंच निबंधकार माँतेन आपल्या ग्रंथसंग्रहास 'लिब्रेरी' म्हणत असे. इंग्रजी 'लायब्ररी'नें तो अर्थ जपून ठेवला. फ्रान्सांत मात्र आज 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचें दुकान.

अशा शब्दांचा संग्रह केस्लर व देरोकिन्यी या दोघां फ्रेंच विद्वानांनीं १९२८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला व त्यास 'खोटे मित्र' या अर्थाचें नांव दिलें. पुढें तेंच नांव रूढ झालें.

या खोट्या मित्रांमुळें केवळ परीक्षेंतील गुण जातात असें नव्हे. फ्रेंच 'द्मांदे' म्हणजे विचारणें, विनंति करणें. इंग्रजी 'डिमांड' न्यायालयाच्या वाटेनें हक्कानें मागण्याच्या अर्थास पोंचला. फ्रेंच गृहस्थ नम्रपणें 'आय डिमांड' असें लिहितो, आणि वाचणाऱ्या इंग्रजास तो दरडावतो आहे असें वाटतें. फ्रेंच 'देसेप्सियाँ' म्हणजे निराशा. इंग्रजी 'डिसेप्शन' म्हणजे फसवणूक. यजमानीण बाईंची भेट झाली नाहीं म्हणून हळहळणारा पाहुणा हा शब्द योजील, तर बाईंवर कपटाचा आरोप केल्यासारखें होईल! व्यवहारांत सर्वांहून घातक शब्द 'इव्हेंच्युअली'. इंग्रजींत त्याचा अर्थ 'शेवटीं, कालांतरानें'. त्याच्या फ्रेंच भावंडाचा अर्थ 'जमल्यास, कदाचित्'. पैसे 'इव्हेंच्युअली' देऊं, असें फ्रेंच मनुष्यानें लिहिलें, तर एकास तें वचन वाटेल आणि दुसऱ्याच्या मनांत केवळ शक्यता असेल.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. तेथें एका फ्रेंच शब्दाची वाटणी इंग्रजींत दोघांत झालेली असते. फ्रेंच 'ओंब्र' या एका शब्दासाठीं इंग्रजींत 'शेड' व 'शॅडो' असे दोन शब्द आहेत. आपल्या मराठी 'सावली'चीहि गत तीच. म्हणून हा घोटाळा आपल्या मुलांसहि चुकत नाहीं. उन्हापासून निवारा देणारी, जींत बसावयाचें ती झाडाखालील सावली 'शेड'. वस्तूच्या आकाराची भुईवर किंवा भिंतीवर पडणारी ती 'शॅडो'. तसेंच, स्वतःस आठवणें म्हणजे 'रिमेंबर' आणि दुसऱ्यास आठवण करून देणें म्हणजे 'रिमाइंड'. फ्रेंच मनुष्य मात्र दोन्ही कामें 'राप्ले' या एकाच क्रियापदाच्या दोन रूपांनीं भागवितो.

यावर उपाय काय? नुसत्या याद्या पाठ करून फारसें साधत नाहीं. शब्द त्याच्या संपूर्ण साखळीसह शिकावा. 'आतांद्र' म्हणजे वाट पाहणें, त्यास इंग्रजींत 'वेट'. इंग्रजी 'अटेंड' म्हणजे हजर राहणें, त्यास फ्रेंचमध्यें 'आसिस्ते'. इंग्रजी 'असिस्ट' म्हणजे साहाय्य करणें, त्यास फ्रेंचमध्यें 'एदे'. अशी साखळी एकदां वहींत लिहून, प्रत्येक कडीचें एकेक घरगुती वाक्य विद्यार्थ्यानें स्वतः रचलें, म्हणजे शब्दाचा चेहरा नव्हे तर त्याचें काम ध्यानांत राहतें.

आमच्या वाचकांस हें सर्व दूरदेशींचें वाटण्याचें कारण नाहीं. मराठींत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदींत शिक्षण. मराठींत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदींत प्रयत्न. शिवाय इंग्रजी शिकून मग फ्रेंचकडे वळणारीं आपलीं मुलें याच वाटेनें उलट दिशेस जात असतात. त्यांस वडीलधाऱ्यांनीं एवढेंच सांगावें कीं, परभाषेंत ओळखीचा चेहरा दिसला तर नमस्कार अवश्य करावा. परंतु घरांत घेण्यापूर्वीं कुळशील विचारावें.