एका कान्याचा फरक

वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सदलग्याच्या शिवारात दोनच चौकश्या असतात: ऊस किती लोळला आणि बांधावरचं कुणाचं झाड पडलं. झाड पडल्याची बातमी वखारीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दुपारी भाव ठरतो, संध्याकाळी ट्रॉली येते. यात वावगं काही नाही. उन्मळलेली बाभूळ पुन्हा उभी राहणार नसते. पावसात बुंधा कुजवण्यापेक्षा चार पैसे सुटलेले बरे.

प्रश्न आहे तो हाच हिशेब नदीच्या वरच्या अंगाला लावायचा का, हा. सदलग्याच्या काठानं वाहणारी दूधगंगा राधानगरी तालुक्यातल्या डोंगरांतून येते. तिच्यावरचं काळम्मावाडीचं धरण हा महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा संयुक्त प्रकल्प. त्या परिसरातलं जंगल १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य म्हणून राखलं गेलं आणि १९८५ मध्ये ते वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर नेलं गेलं. आजचं राधानगरी अभयारण्य ते हेच. घाटमाथ्यावरचा वारा तिथंही जुनी झाडं मुळासकट उपटतो. आणि मोठं वादळ झालं, की ‘नाहीतरी कुजणारच, मग सरकारनं लिलाव का करू नये?’ हा सवाल कुणीतरी विचारतोच.

सवाल साधा वाटतो, पण त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाला द्यावं लागलं. निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये जंगलतोडीविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेत १४ फेब्रुवारी २००० रोजी एक आदेश निघाला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरणपंथाला लागलेली किंवा वाऱ्यानं पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड, इतकंच काय, गवतसुद्धा काढायला राज्यांना मनाई झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गाठ मारली. वन्यजीवांच्या भल्यासाठी म्हणून अभयारण्यातलं वनोपज बाहेर काढावंच लागलं, तर ते आत आणि आसपास राहणाऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या घरगुती गरजेला देता येतं. व्यापारासाठी मात्र नाही. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यालाही हाच नियम. म्हणजे गवाळी किंवा पास्तोलीच्या चुलीचा विचार कायद्यात आहे, वखारीचा नाही.

एवढी कडक मनाई कशाला? कारण मराठीत ‘पडलेलं’ आणि ‘पाडलेलं’ यांत एका कान्याचा फरक आहे, आणि ट्रकमध्ये भरलेल्या ओंडक्यावर तो काना दिसत नाही. पडझडीच्या नावानं एकदा जंगलात रस्ता पाडला, करवती आणि ट्रॅक्टर आत गेले, की शेजारचं उभं झाडही ‘धोकादायक’ दिसू लागतं. ओढून नेताना ओंडका कोवळी रोपं चिरडतो, चाकांखाली माती घट्ट होते आणि पावसाचं पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या दूधगंगाकाठाला वाहत्या पाण्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

शिवाय आडवं झाड रिकामं नसतं. आधी बुरशी येते, मग वाळवी, आणि वाळवीच्या मागं अस्वल. सुतार पक्षी सालीखालच्या अळ्या टिपतो, ओल्या पाचोळ्यात देवगांडूळ वळवळतं. भीमाशंकरच्या रानात तर पावसाळी रात्री कुजकं लाकूड हिरवट उजेड देतं. तो चमत्कार बुरशीचाच. झाड पडल्यानं वर जी फट पडते, तिच्यातून ऊन जमिनीवर उतरतं, गवत फुटतं आणि गवे चरायला येतात.

दुसरी बाजूही खोटी नाही. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं आणि गीरमध्ये लाखो झाडं कोसळली. अशा कोरड्या जंगलात वाळलेल्या लाकडाचे ढीग उन्हाळ्यात वणव्याला निमंत्रण देतात. तिथं जाळरेषा आणि वाटा मोकळ्या करायलाच हव्यात. पण तेवढं करायला ठेकेदाराचा लिलाव लागत नाही.

जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळानं स्प्रूसची झाडं आडवी झाली, तेव्हा मंत्री हान्स आयझेनमान यांनी ती तशीच राहू देण्याचा निर्णय घेतला. पुढं साल पोखरणारे भुंगेरे वाढले, डोंगरच्या डोंगर करडे पडले आणि आसपासचे लोक भयंकर चिडले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. मात्र त्याच सांगाड्यांखाली कुणीही न लावता नवं, पूर्वीपेक्षा मिश्र जंगल उगवून आलं.

आपल्याकडं हे शिकायला जर्मनीला जायची गरज नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत पडलेली फांदीसुद्धा देवाची मानली जाते. तिथं कोपाची भीती होती, इथं कायदा आहे. कायद्याला लोक जरा कमी भितात एवढंच.

तेव्हा पुढच्या वादळानंतर राधानगरीच्या वाटेवर ओंडक्यांनी भरलेला ट्रक दिसला, तर लाकूड कुठल्या गट नंबरातलं आणि वाहतूक परवाना कुठाय, एवढं विचारायला हरकत नाही. मालकीच्या रानातलं असेल तर कागद निघतील. अभयारण्यातलं असेल तर विक्रीचा कागद असूच शकत नाही. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत.