सावलीचं रसायन : कोको, माड आणि जांभ्याची माती

शनिवार पेठेत बसून कोकोच्या मुळांविषयी बोलायचं, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं, हे जरा विचित्रच. पण प्रश्न कार्यकारणाचा आहे. सावली पडते वरून, मग खालची माती कशी बदलते?

कोको मूळचा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला, मोठ्या झाडांखाली वाढणारा. म्हणून भारतात तो माडा-पोफळीच्या बागांत लावतात. कोकणातल्या 'लाखी बागे'चं तत्त्वही हेच : माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी.

आता माती बघा. कोकणात चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन जातं. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतात. माती आम्ल होते. स्फुरद घातलं, तरी हे दोघे ते घट्ट धरून बसतात. म्हणजे मातीत आहे, पण झाडाला मिळत नाही! अन्नद्रव्यं सांभाळायची या मातीची स्वतःची ताकद बेताची. ते काम मुख्यतः कुजलेला पाला करतो.

सावली इथे कामाला येते. उघडी जमीन तापते, सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं संपतात. सावलीत गारवा राहतो, वरून पाचोळा पडत राहतो. कुजताना निघणारी आम्लं लोह-अ‍ॅल्युमिनियमला गुंतवतात आणि थोडं स्फुरद मोकळं राहतं. आपल्या गिरिपुष्पाला, म्हणजे उंदीरमारीला, स्पॅनिशमध्ये 'कोकोची आई' म्हणतात. ते शेंगवर्गी झाड सावली देतं आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्रही.

पण सावली म्हणजे जादू नव्हे. ती फार दाट झाली की फळ कमी धरतं. कोकोचं बरंच पालाश फळाच्या टरफलात असतं. टरफलं बागेबाहेर गेली, की मातीच्या खात्यात वजाबाकी.

पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून कोको लावला. आधी पीक भरघोस आलं, काही दशकांत जमीन थकली, मग शेतकरी नव्या जंगलाकडे वळले. म्हणजे हिशेब किती वर्षांचा मांडायचा, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही.

तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे बाग असेल. पाचोळा जाळला तर राखेत चुना-पालाश उरतं, पण नत्र धुरावाटे जातं आणि जमिनीला मिळायचा सेंद्रिय अंशही. तेव्हा यंदा काडी लावण्याआधी तो झाडांच्या बुंध्याशी पसरून बघा.