‘हिरवा शालू’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थ

पाऊस सुरू झाला की लोणावळा-खंडाळ्यावरच्या लेखनात एक शब्दप्रयोग हमखास येतो : ‘धरतीने हिरवा शालू नेसला आहे.’ अर्थ सरळ आहे. उन्हाळ्यात उघडे पडलेले डोंगर गवताने, झाडोऱ्याने झाकले गेले. सगळीकडे दाट हिरवाई झाली. वृत्तपत्रांत तो आढळतो, शालेय निबंधांत तर ठरलेलाच.

परंतु शब्द आपला वर्ग सोबत घेऊन येतो. शालू म्हणजे लग्नकार्यात नेसायचे जरीचे, भारी किमतीचे रेशमी वस्त्र. तो नेसून कोणी चिखलात उतरत नाही. या शब्दप्रयोगातली धरती नटलेली वधू आहे आणि बोलणारा दुरून पाहणारा. राबणारे हात या चित्रात कोठेच नाहीत.

मावळच्या खाचरांतली हिरवाई मात्र हातांनी लावलेली असते. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसावर रोप वाढवायचे, चिखलणी करायची आणि मग दिवसभर कमरेत वाकून लावणी. या कामाची स्वतःची भाषा आहे. लावलेले रोप मूळ धरून उभे राहिले की ते ‘तरारले’. पुढे भात पोटरीला येते, मग निसवते. यातला प्रत्येक शब्द हिरवेपणाची नेमकी अवस्था सांगतो. चिनी भाषेत दाट हिरवाईला ‘यूयू त्सुंगत्सुंग’ म्हणतात; त्यातला ‘त्सुंग’ म्हणजे कांद्याची पात. भाजीचा शब्द वापरल्याने ती भाषा हलकी झाली नाही.

शालू झाकतोही. पवना धरणाखाली मावळातली गावे गेली. शेजारच्या मुळशीत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, तरी जमिनी बुडाल्याच. त्या जलाशयांच्या काठची हिरवाई आता सहलीच्या वर्णनाचा विषय आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई दुसऱ्याच्या खाचरात लावणीला जाते. तिच्याही निबंधात हिरवा शालू होता. मी विचारले, ‘‘घरी आई काय म्हणते?’’

‘‘यंदा रोप लवकर तरारलं, म्हणते.’’

‘‘मग तेच का नाही लिहिलंस?’’

‘‘सर, ते निबंधातलं वाटत नाही.’’

तिचे चुकले नव्हते. गुण कोणत्या शब्दाला मिळतात, हे तिला ठाऊक होते. शालू हा शब्द मराठीतून काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. पण उत्तरपत्रिका तपासणारे आपणच आहोत. ‘तरारले’ला पूर्ण गुण देणे आपल्या हाती आहे.